जागा दाखवणारा

मध्यमवर्गीय घराचे काही माणसांवाचून पावलोपावली अडते, आणि नेमका त्याच माणसांचा मान आपण राखत नाही. लग्न जुळवणारा मध्यस्थ घ्या. लग्न पार पडेपर्यंत त्याला पाटावर बसवतात. पुढे सासूसुनेचे बिनसले, की पहिला उद्धार त्याचाच होतो. जागा मिळवून देणाऱ्या दलालाचे नशीब तर याहून खोटे. त्याला पाटही मिळत नाही. 'पाच मिनिटे खोली दाखवली नि महिन्याचे भाडे घेऊन गेला!' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही, असे बिऱ्हाड आपल्या शहरांतून शोधून काढावे लागेल. त्या पाच मिनिटांआधी त्या माणसाने किती जिने चढले, किती कुलपे उघडली आणि किती घरमालकांची तोंडे सांभाळली, हे विचारण्याचे आपल्याला कारण नसते.

वास्तविक शब्द मोठा चांगला आहे. मूळ अरबी 'दल्लाल'. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ वाट दाखवणे. म्हणजे दलाल हा मुळात वाटाड्या! 'बयाणा' हे अरबी 'बै' म्हणजे विक्री या शब्दाचे फारसी वळण. जमीन, हद्द, कब्जा, दस्त, मालक, खरेदी हे सगळे पाहुणेच. घर सोडले तर घराच्या व्यवहारात एकही अस्सल देशी शब्द सापडायचा नाही, असे मी वर्गात गमतीने म्हणतो. मराठवाड्यातल्या मुलांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. अजूनही एखाद्या जुन्या वाड्याचा व्यवहार निघाला, की पत्र्याच्या पेटीतून उर्दूतला कागद बाहेर येतो आणि तो वाचणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाचा शोध सुरू होतो.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका विद्यार्थ्यामुळे. त्याचे नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. औसा तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा. मराठी घेऊन एम. ए. झाला, बी. एड. केले, सेटची परीक्षाही पहिल्या फटक्यात सुटला. आता हा प्राध्यापक होणार, असे घरच्यांनी गावभर सांगून टाकले. तो झालाही, पण तासिका तत्त्वावर. हा शब्दप्रयोग आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. त्याचा अर्थ असा, की जितके तास शिकवाल तितके पैसे. सुटीत तास नाहीत, तेव्हा पैसेही नाहीत, आणि जे मिळायचे ते केव्हा मिळतील हे कोणी सांगू शकत नाही. अशी सहा वर्षे त्याने काढली. पदभरती निघणार, निघणार, असे दर दिवाळीला म्हणायचे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

दलालीत तो शिरला तो ठरवून नव्हे. चुलतभावाची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला डॉक्टर व्हायचे होते, म्हणून लातूरला ठेवायचे ठरले. खोली शोधायचे काम याच्याकडे आले. चार दिवस उन्हातान्हात फिरून त्याने खोली शोधली, आणि त्या फिरण्यात आणखी पंधरावीस रिकाम्या खोल्या त्याच्या डोक्यात राहिल्या. पुढच्या जूनमध्ये गावाकडच्या पाच घरांनी त्याला फोन केले. त्यातल्या एका घरमालकाने न मागता त्याच्या हातावर दोन हजार ठेवले.

"सर, ते दोन हजार मी तीन दिवस खिशात तसेच ठेवले होते," त्याने मला सांगितले. "खर्च करावेत का परत द्यावेत, कळंना."

लातूर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना तिथल्या जून महिन्याची कल्पना यायची नाही. एके काळी हे गाव गंज गोलाईसाठी प्रसिद्ध होते. गोल बाजारपेठ, मध्ये देवीचे मंदिर आणि तिथून चोहोकडे फुटलेले सोळा रस्ते. डाळी, तेलबिया, अडत, हमाल, गाड्या. पुढे राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतली मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठीत रूढ झाला. आता सोळा रस्त्यांपेक्षा 'ट्यूशन एरिया' अधिक लोकांना माहीत आहे. निकाल लागला, की बीड, परभणी, धाराशिव, सोलापूर, यवतमाळ अशा ठिकाणांहून आईबाप मुलांना घेऊन उतरतात. कुणाच्या हातात पत्र्याची ट्रंक, कुणाच्या हातात गादीची वळकटी. पुष्कळ घरांतून आई मुलासोबत दोन वर्षे राहायला येते आणि बाप गावाकडे एकटा भाकरी थापतो. या लोकांना आठ दिवसांत डोक्यावर छप्पर हवे असते.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर मुद्दाम फिरलो. त्याची एक वही आहे. तिच्यात खोल्यांची नोंद आहे, पण सरकारी नोंदीसारखी कोरडी नाही. एका ठिकाणी लिहिले होते, 'हवा चांगली, वर पत्रा, एप्रिलमध्ये अभ्यास होणार नाही.' दुसऱ्या ठिकाणी, 'घरमालकीण पहाटे साडेपाचला सगळ्या मुलींना उठवते. मुलीच्या आईला हे आधी सांगणे. मुलीला सांगू नये.' आणि प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना पाण्याचा. बोअर किती फूट, उन्हाळ्यात टँकर लागतो का, साठवणीची टाकी किती लिटरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. 'जलदूत' असे त्या गाडीला नाव दिले होते. तेव्हापासून लातुरात घराची चौकशी करणारा माणूस आधी नळाकडे पाहतो, मग खिडकीकडे. आणखी एक गोष्ट वयस्क माणसे विचारतात. भिंत कशाची आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती कोसळली होती. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. त्या दिवसानंतर कित्येक रात्री सबंध गल्ली अंगणात झोपली, एवढे लख्ख आठवते. माझा हा विद्यार्थी त्यानंतर जन्मलेला. परंतु औसा तालुक्यातलाच असल्यामुळे म्हाताऱ्या बाईने भिंतीवर बोटाने टकटक केली, की तो हसत नाही. कॉलम कुठे आहेत ते दाखवतो.

खोल्यांवरून तो प्लॉटांकडे वळला. ही पायरी फार निसरडी. लातूरच्या कुठल्याही हमरस्त्याने शहराबाहेर पडा, शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतील आणि कमान उभारलेली दिसेल. हरंगूळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना यायचा ठरला, २०१८ साली त्याचे भूमिपूजन झाले, आणि त्या बाजूच्या शेतांना एकदम पंख फुटले. नांदेडची तऱ्हाही अशीच. तिथे २००८ साली गुरू-ता-गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा झाला, त्यानिमित्त केंद्राच्या योजनेतून पैसा आला, रस्ते रुंद झाले. एका बाजूला विष्णुपुरीला विद्यापीठ, गोदावरीपलीकडे सिडको, हडको, इकडे तरोड्याकडे वाढत चाललेली वस्ती. पुढे जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची घोषणा झाली. रस्ता कागदावर उमटायच्या आत त्याच्या कडेच्या जमिनीचे भाव हॉटेलातल्या टेबलांवर बदलू लागतात, हे ज्याने पाहिले नाही त्याने एकदा पाहावे.

हे प्लॉट विकत कोण घेते? शिक्षक, लिपिक, एस.टी.चे वाहक, परिचारिका, किराणा दुकानदार. ज्यांना आयुष्यात एकदाच जमीन घ्यायची असते अशी माणसे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. दीड गुंठ्यात संसार बसतो. परंतु शेतजमीन अशी गुंठ्यागुंठ्याने तोडून विकण्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर. जमीन अकृषिक करून, आराखडा मंजूर करून घेऊन मग विकायची, तर वेळ आणि पैसा जातो. तेव्हा मधला रस्ता निघाला. साध्या मुद्रांकाच्या कागदावर लिहून घ्यायचे, नोटरीचा शिक्का मारायचा आणि ताबा द्यायचा. आमच्याकडे याला 'बॉण्डवर घेतला' असे म्हणतात. लोकांना तो शब्द इतका भारदस्त वाटतो, की रजिस्ट्रीपेक्षाही काही पक्के आपल्या हाती आले, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात सातबारावर नाव जुन्या मालकाचेच राहते. बँक कर्ज देत नाही. अशा वस्त्या इतक्या झाल्या, की त्या नियमित करण्यासाठी सरकारला २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. नांदेडला त्यात आणखी एक भर म्हणजे पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. गोदावरी किंवा आसना नदीच्या बाजूचा स्वस्त प्लॉट दिसला, की आधी नकाशावर ही निळी रेषा कुठून जाते ते पाहावे. कोरड्या मे महिन्यात उभे राहून नदी किती लांब आहे याचा अंदाज बांधू नये.

माझ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला यातले काही ठाऊक नव्हते. ते त्याने शिकून घेतले, आणि त्याच्या शिकण्याची पद्धत मला फार आवडली. मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे त्याने दस्त वाचायला सुरुवात केली, आपण बखर वाचतो तशी. 'लिहून घेणार' कोण, 'लिहून देणार' कोण, कर्ता कुठे, क्रियापद कुठे. खरेदीखताचे एक वाक्य दोन पाने चालते आणि क्रियापदाला पोचेपर्यंत माणसाचा दम जातो. पण चतुःसीमा म्हणजे सुरेख वर्णन आहे, हे त्याचे म्हणणे मला पटले. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस शिल्लक प्लॉट. उभे राहून चार दिशांना पाहिले, की कागद खरा का खोटा ते कळते. सातबाराचा 'इतर हक्क' हा रकाना लोक वाचत नाहीत. तिथे बोजा असतो, कुळाची नोंद असते. भोगवटादार वर्ग दोन असे लिहिलेले असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. मराठवाड्यात इनामी जमिनी पुष्कळ, त्यामुळे ही दोन अक्षरे पुष्कळ घरे बुडवतात.

पूर्वी या धंद्याला शिक्षण लागत नसे. पानाची टपरी आणि ओळखी एवढे भांडवल पुरे. २०१६ साली केंद्राचा स्थावर संपदा कायदा झाला, २०१७ च्या मेपासून तो पुरता अमलात आला, आणि महाराष्ट्रात 'महारेरा' सुरू झाले. पाचशे चौरस मीटरच्या वरचा आणि आठांहून अधिक घरांचा नवा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, आणि अशा प्रकल्पातली घरे किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी करावी लागते. एकट्या माणसाला नोंदणीची फी दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षे. विनानोंदणी काम करताना सापडला तर दंड दिवसाला दहा हजार, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्राने पुढे जाऊन २०२३ साली परीक्षाही सुरू केली. वीस तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र मिळवायचे. पहिली परीक्षा त्या वर्षीच्या मे महिन्यात झाली. ज्यांनी हे प्रमाणपत्र मिळवले नाही, अशा सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ साली थांबवण्यात आली. म्हणजे सरकार गप्पा मारत नव्हते.

परीक्षेच्या आधी तो माझ्याकडे आला होता. सेट झालेल्या मुलाला या परीक्षेची भीती वाटत होती. त्याला मी धीर दिला. घेऊन आलेली टिपणे वाचताना मला मात्र ती उद्बोधक वाटली. नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, खोटी सुविधा सांगायची नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, ग्राहकाला कागद द्यायचे. बिल्डरने नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावे अशा योग्यतेचे आहे.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. हे कुंपण नव्या, मोठ्या प्रकल्पांना आहे. नांदेड-लातूरसारख्या गावांत जुने घर, एखाददुसरा प्लॉट, वडिलोपार्जित वाडा यांचे व्यवहार रोज होतात. तिथे प्रमाणपत्र मागणारे कोणी नाही. तिथे लागू आहे तो १८७२ चा करार कायदा. त्यात एजंटाने मालकाला अंधारात ठेवून स्वतःच व्यवहार केला, तर त्यातला नफा मालक मागू शकतो, असे कलम आहे. कलम दीडशे वर्षांचे असून ते माहीत असलेला दलाल मला अजून भेटायचा आहे. इथे शेवटी माणूस कसा आहे यावरच सगळे येते.

तो कसा आहे याची परीक्षा दोन वर्षांपूर्वी झाली. लातूरजवळ तिघा भावांनी वडिलोपार्जित शेतात रीतसर आराखडा मंजूर करून प्लॉट पाडले होते. कागद चोख. नांदेडचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी लातुरात दिलेल्या मुलीजवळ राहायला यायचे म्हणत होते. त्यांनी प्लॉट पसंत केला. सोमवारी इसार द्यायचा ठरला. दोन्हीकडची दलाली मिळून साठ हजारांच्या वर जात होती, म्हणजे तासिका तत्त्वावरचे किती तास, याचा हिशेब वाचकांनी करू नये.

शनिवारी तो भावांच्या घरी चहाला गेला आणि त्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "बहिणी किती? कुठं दिल्यात?" खेड्यातल्या कुठल्याही घरात हा प्रश्न तो विचारतो, आणि तो पाहुणचाराचाच भाग वाटतो. एक बहीण होती, नांदेडला. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारसांच्या फेरफारात तिचे नाव नव्हते. 'एवढेच वारस' असे लिहून तिघांनी नोंद करून घेतली होती.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तेव्हा लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळून. २००५ साली तो हक्क सबंध देशात आला. वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा इतका पुढे गेला आणि आमच्या घरांत हक्कसोडपत्र हा भाऊबिजेसारखा वार्षिक विधी असल्यासारखे त्याकडे पाहतात. सही केली की माहेर शाबूत.

रविवारी तो एस.टी.ने नांदेडला गेला. बहीण विधवा, घरी शिवणकाम करते. प्लॉट पाडल्याचे तिला ठाऊकच नव्हते. "भावांनी बोलावलं असतं तर आले असते की, सही बी केली असती," ती म्हणाली. "पण मला कुणी इचारलंच नाही."

सोमवारी त्याने मुख्याध्यापकांना सगळे सांगितले आणि त्यांनी इसार थांबवला. भाऊ खवळले. "तू दलाल हाईस का वकील?" असे थोरल्याने चारचौघांत विचारले. पुढे दोनतीन महिने त्या रस्त्यावरच्या कुठल्याही मालकाने त्याला आपला प्लॉट दिला नाही. मुख्याध्यापकांनीही उपकार मानले नाहीत हे विशेष. त्यांनी दुसऱ्याच एजंटाकडून दुसरीकडे जागा घेतली. नको तिथे नाक खुपसणारा माणूस, असे त्यांचे मत झाले असावे. आपल्या वर्गाची ही खोड मी जाणतो. फसलो तर दलालाला शिव्या, आणि वाचलो तर त्यात त्याचे काय!

पुढच्या गिऱ्हाइकाच्या वकिलानेही तोच प्रश्न काढला, तेव्हा भावांना बहिणीकडे जावे लागले. हक्कसोडपत्राचा मसुदा आल्यावर तिने याला फोन केला आणि तो सबंध वाचून दाखवायला सांगितले. याने फोनवर दोन पानांचे ते एक वाक्य तोडून तोडून, अर्थ सांगत वाचले. तिने मग सही केली. तिच्या पदरात काय पडले ते त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. यंदाच्या जूनमध्ये तिच्या शेजारणीची मुलगी लातूरला आली, तिला खोली यानेच पाहून दिली, एवढे मला माहीत आहे.

आता त्याच्या लग्नाचे चालले आहे. तीन ठिकाणांहून नकार आले. शेती आहे, शिक्षण आहे, मिळकतही तासिकेच्या दिवसांपेक्षा चांगली आहे, तरी 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाशी गाडी अडते. त्याचे वडील पाहुण्यांना 'क्लासमध्ये शिकवतो' असे सांगत होते. त्याने ते बंद करायला लावले.

गेल्या पाडव्याला त्याने ट्यूशन एरियातच एक गाळा घेतला. पाटीवर काय लिहावे यावर घरात बरीच चर्चा झाली. मामा म्हणाले, 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' लिही. माझ्याकडे मराठी शब्द मागितला, तेव्हा मी 'स्थावर मिळकत सल्लागार' सुचवले. तो हसला. म्हणाला, "सर, गावाकडचा माणूस हे वाचून पुढच्या दुकानात जाईल." शेवटी 'जागेचे एजंट' असे लिहिले आणि खाली महारेराचा नोंदणी क्रमांक. नावापुढे एम. ए., बी. एड., सेट लिहू नकोस, नोकरी लागली नाही म्हणून इकडे आला असे लोक म्हणतील, असा मामांचा आग्रह होता. तो त्याने मानला नाही.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पाटी वाचून आत आले. खुर्चीत बसले, पाणी प्याले, भिंतीवरचा नकाशा न्याहाळला आणि मग त्यांनी विचारले, "आमच्या मुलाचं मराठी कच्चं आहे. संध्याकाळचे शिकवता का?"